अत्तार सरांचं पाणी

‘तेल आणि पाणी कधी एक होत नाही’ असं कुणी अत्तार सरांसमोर म्हटलं, की तो माणूस कामातून गेलाच म्हणून समजा. आमच्या स्टाफरूममध्ये हे वाक्य दर चार दिवसांनी यायचं, कारण आमचे इंग्रजीचे आणि अर्थशास्त्राचे प्राध्यापक एकमेकांचं तोंड बघत नसत आणि त्यावर कुणी ना कुणी हे शहाणपण पाजळायचंच. सर चहाची बशी खाली ठेवायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि हळूच म्हणायचे, “होतं हो. थोडं होतं. किती होतं, ते मोजायला पाहिजे.” झालं! पुढची वीस मिनिटं कुणाची सुटका नाही. चहा गार व्हायचा, तासाची घंटा व्हायची, आणि ते दोघे भांडखोर प्राध्यापक आपलं भांडण विसरून सरांना कंटाळायचे. तेवढ्यापुरती तरी त्यांची एकी होई.

मी एकाहत्तर साली तिथे डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले. कॉलेज नवं होतं, काष्टीपासून सात-आठ मैलांवर, माळावर उभं. माझं वय बावीस, पदवी ताजी, आणि नगरसारखं शहर सोडून या उजाड माळावर येऊन पडल्याचा राग नाकाच्या शेंड्यावर. पहिल्याच दिवशी सरांनी बूच लावलेली एक काचेची बाटली माझ्या हातात दिली.

“जगतापबाई, यात काय आहे?”

“पाणी.”

“बूच काढा. वास घ्या.”

पेट्रोलपंपावर येतो तसा गोडसर वास आला. (बेंझीनचा वास घेऊ नये, घातक असतो, असं आता सांगतात. तेव्हा आम्ही सगळेच खुशाल घ्यायचो.)

“दिसतंय का काही?”

“नाही.”

“पण आहे ना? मग आपलं काम एवढंच. किती आहे, ते सांगायचं.”

मी मनात म्हटलं, आली का पंचाईत! एवढं शिकून मी इथे पाण्यातला वास मोजायला आले.

पण सरांचा सगळा उद्योग तोच होता. बेंझीन, टोल्युईन, झायलीन, ही पेट्रोलच्या घरातली पातळ, वासाची मंडळी पाण्याशी फटकूनच वागतात. लिटरभर पाण्यात बेंझीन दोन ग्रॅमसुद्धा मावत नाही, टोल्युईन त्याच्याही तिसऱ्या हिश्श्याएवढं. ते नेमकं किती मावतं, थंडीत किती, उन्हाळ्यात किती, हे सरांना हवं होतं. रीत साधी, पण जीव खाणारी. बाटलीत मोजून ऊर्ध्वपातित पाणी घ्यायचं, म्हणजे वाफ करून पुन्हा थंड केलेलं शुद्ध पाणी. बारीक ओढलेल्या काचेच्या नळीतून त्यात मोहरीपेक्षा लहान थेंब सोडायचा. बूच घट्ट लावून हलवत बसायचं, हात मोडेपर्यंत. मग बाटली एका ठरावीक तापमानाला ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मागे काळा कागद धरून बघायची. पाणी स्वच्छ असेल तर आणखी एक थेंब. ज्या सकाळी पाण्यात धुरकट गढूळपणा दिसेल, त्या सकाळी थांबायचं. त्याच्या आदल्या थेंबापर्यंत जेवढं टाकलं, तेवढं विरघळलं. एकेका द्रवाला महिने लागायचे.

यावर सरांची पीएच.डी. व्हायची होती. पुण्याचे त्यांचे मार्गदर्शक म्हातारे होते आणि चौऱ्याहत्तरच्या जूनमध्ये निवृत्त होणार होते. त्याआधी, मार्चअखेर, प्रबंध गेला नाही तर विद्यापीठातलं सरांचं नाव रद्द. या विषयात दुसरा मार्गदर्शक मिळणं अवघड, आणि सरांचं वय तेव्हाच बेचाळीस. हे आमच्या कॉलेजात झाडलोट करणाऱ्या बाईपासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना पाठ होतं. सर सोडून बाकी सगळ्यांना घाई होती.

सरांना बायकांशी स्पष्ट बोलायचा भयंकर संकोच. मी लागून महिना झाला असेल. एक दिवस येऊन बघते तर प्रयोगशाळेच्या दारावर पुठ्ठ्याची पाटी: ‘केसांना तेल लावलेल्यांनी बाटल्यांना हात लावू नये.’ प्रयोगशाळेत माणसं तीन. सरांच्या डोक्यावर केस औषधालासुद्धा नव्हते. आमचे शिपाई किसनमामा डोक्याचं मुंडासं झोपतानाही काढत असतील की नाही, देव जाणे. राहिलं कोण? असा संताप झाला माझा! दोन दिवस सरांशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी शिकेकाईनं न्हाऊन, कोरड्या केसांचं टोपलं करून आले, तर सर ओशाळून म्हणाले, “बाई, पाटी तुमच्यासाठी नव्हती.”

“मग कुणासाठी होती?”

सरांनी बराच विचार केला. “तेलासाठी होती,” म्हणाले.

आता यावर माणसानं रागवायचं तरी कसं?

नाक मात्र सरांचं असं, की मिटल्या डोळ्यांनी बेंझीन कुठलं आणि टोल्युईन कुठलं ते सांगत. ते घरातनं आलेलं होतं. सरांचे वडील काष्टीच्या आठवडे बाजारात कुंकू, बुक्का, काळे मणी आणि अत्तराच्या कुप्या घेऊन बसायचे. सर लहानपणी तिथेच कुंकवाच्या पुड्या बांधत. तालुक्यातल्या निम्म्या सवाष्णींच्या कपाळाचं कुंकू अब्बांच्या पालातनं गेलेलं. मी एकदा तिथे गेले होते तर अब्बा गिऱ्हाइकाला सांगत होते, “माजा पोरगा डाक्टर व्हनार हाय. सुई टोचनारा न्हवं. पान्याचा डाक्टर.” ती बाई काळे मणी निवडता निवडता म्हणाली, “बरं हाय की. लई गरज हाय बगा त्याची.” बहात्तरचा दुष्काळी उन्हाळा होता तो, तिचं काही चुकलं नाही.

कॉलेजकडे बाटल्या एका तापमानाला ठेवणारं यंत्र नव्हतं, आणि असतं तरी वीज कुठे टिकत होती! सरांनी त्यावर कॉलेजची विहीर शोधून काढली होती. खोल पाण्यात उन्हाळा-हिवाळा फारसा कळत नाही. मग बाटल्यांची बुचं मेणानं बंद करून, त्या वेताच्या करंडीत रचून, दोरानं विहिरीत सोडायच्या. सकाळी वर काढायच्या. हे बघून गावात बोभाटा झाला, की मास्तर विहिरीत काहीबाही सोडतोय. एका सकाळी पाच-सहा बाया घागरी घेऊन काठावर उभ्या ठाकल्या.

“मास्तर, इहिरीत काय सोडताय? आमची पोरंबाळं पानी पित्यात.”

सरांची बोबडीच वळली. बायका, आणि एकदम सहा! त्यांनी करंडी वर ओढली, मेण लावलेली बुचं दाखवली. कुणाचं समाधान होईना. तेव्हा सरांनी विहिरीचं तांब्याभर पाणी शेंदलं आणि तिथेच उभ्यानं घटाघटा प्यायले. दुसऱ्या दिवशी बाया नव्हत्या, तरी प्यायले. विहीर आटेपर्यंत रोज सकाळी, कुणी बघो न बघो, आधी तांब्याभर पाणी प्यायचं आणि मग करंडीला हात लावायचा. मी म्हटलं, “सर, आता कुणी विचारत नाही.” तर म्हणाले, “विचारत नाहीत म्हणजे विश्वास ठेवलाय. मग तर प्यायलाच पाहिजे.”

पुढे विहीर आटली. दोराला दर आठवड्याला गाठ मारून वाढवत नेलं, शेवटी करंडी गाळात टेकली. मग किसनमामांनी प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात खड्डा खणून रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरला आणि बाटल्या त्यात गेल्या. किसनमामांविषयी काय सांगू? पन्नाशीचा, काटक माणूस. घोड नदीच्या अंगाला त्यांची वाडी. चार इयत्ता शिकलेले. पण सरांवर जीव असा, की दुष्काळात टँकर यायचा तेव्हा बायाबापड्यांच्या झुंबडीत शिरून सरांसाठी दोन घागरी मिळवल्याशिवाय परतत नसत. त्या पाण्याची वाफ काढून सर शुद्ध पाणी करत आणि काचेच्या मोठ्या बुधल्यांत भरून ठेवत. त्या बुधल्यांची राखण किसनमामांकडे. बाटल्या धुणंही त्यांच्याकडेच. एकही बाटली त्यांच्या हातून कधी फुटली नाही. माझ्या हातून तीन फुटल्या.

दुष्काळ सरला, आकडे जमत गेले. आणि एक गंमत दिसायला लागली. सरांचे आकडे पुस्तकातल्यांपेक्षा कमी येत होते. थोडेसेच, पण दर वेळी कमी. सर अस्वस्थ झाले. तराजू तपासला, थर्मामीटर बदललं, नळ्या नव्यानं ओढल्या. दर बुधल्यातलं पाणी सिल्व्हर नायट्रेट घालून तपासायचे. विहिरीचं मचूळ पाणी चुकून मिसळलं असलं तर त्यानं पांढरं होतं. कधी झालं नाही. एकाहत्तर साली घेतलेले बेंझीनचे पहिले आकडे तेवढे पुस्तकाशी जुळत होते. सर म्हणाले, ते कच्च्या हाताचे. त्यावर त्यांनी लाल शाईनं काट मारली. हळूहळू त्यांच्या मनानं घेतलं, की बाकीचे लोक पाण्यात नुसतं तरंगणारंही विरघळलेल्यात धरतात, आपण धरत नाही. यावर त्यांनी अख्खं प्रकरण लिहिलं. ते त्यांनी मला दोनदा वाचून दाखवलं. हा माणूस एरवी स्वतःविषयी चकार शब्द न बोलणारा. मला फार आनंद झाला त्यांच्यासाठी, खोटं कशाला बोलू!

चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत शेवटच्या बाटलीचा आकडा वहीत पडला. घोडं गंगेत न्हालं! सरांनी स्वतः पेढे आणले. पहिला मला दिला, दुसरा किसनमामांना. म्हणाले, “मामा, तुम्ही नसतात तर हे पाणी मला मिळालं नसतं.”

किसनमामा लाजले. पेढा हातातच धरून म्हणाले, “सर, माजा बी थोडा हात हाय बरं का ह्याच्यात. बोललो न्हाई कदी.”

“बोला की.”

“तुमच्या बाटल्या मी रोज धुतो. येक बाटली अशी न्हाई, जी शेवटाला गढूळ झाली न्हाई. तुमी डोळं फोडून बगताय, आन् पानी दगा देतंय. बुधल्यात बगावं तर निवळ, बाटलीत गेलं की फुटतंय. म्हंजी गाळ आत दडून बसलाय. मंग म्या तुरटीचा खडा धुतल्या फडक्यात बांदला, आन् दर बुधल्यात सात येढं फिरवून ठिवायचो. टँकरच्या सालापास्नं. येक दिस खाडा न्हाई.”

आमच्याकडे घरोघरी हेच करतात. गढूळ पाणी आलं की हंड्यात तुरटी फिरवायची, गाळ तळाला बसतो, वरचं निवळ पाणी प्यायचं. माझी आई करायची, मी करत होते. पण शुद्ध पाण्यात तुरटी म्हणजे क्षारच. अशा पाण्यात बेंझीन मावतं कमी, आणि गढूळपणा आधीच धरतो. मला हे कळायला जरा वेळ लागला. सरांना लागला नाही. त्यांच्या हातात पेढ्यांचा पुडा होता तो तसाच राहिला.

“सात वेढे?” त्यांनी विचारलं.

“सात.”

“दर बुधल्याला?”

“दर बुधल्याला, सर. इमानानं.”

सरांनी पुड्यातला आणखी एक पेढा काढला. “घ्या मामा. अजून एक घ्या,” म्हणाले.

किसनमामा खुशीत बाहेर गेले, तसा सरांनी बुधल्यातलं पाणी परीक्षानळीत घेतलं आणि बेरियम क्लोराईडचे दोन थेंब टाकले. तुरटीतलं सल्फेट त्यानं उघडं पडतं, हे आम्ही पहिल्या वर्षाच्या पोरांना पहिल्याच महिन्यात शिकवतो. नळी पांढरी झाली. दुसऱ्या बुधल्यातलं घेतलं, तीही पांढरी. सिल्व्हर नायट्रेटला तुरटी ओळखता येत नाही, आणि सरांनी दोन वर्षं तेवढीच चाचणी घेतली होती. त्यांनी नळ्या स्टँडमध्ये ओळीनं लावल्या, चष्मा पुसला, आणि शाळकरी पोराच्या आवाजात म्हणाले, “बाई, पहिले आकडे बरोबर होते.”

मला रडू फुटलं. बेंझीनचे तेवढे मूठभर आकडे खरे, आणि त्यानंतरचे टोल्युईन, झायलीन, सगळं सगळं मुसळ केरात! मार्च दोन महिन्यांवर आलेला. मी जी काय सुटले, ती सुटलेच. “सर, पाठवून टाका. कुणाला कळणार आहे? पुस्तकातले आकडे तरी एकमेकांशी कुठे जुळतात? त्यात तुमचे आणखी चार.”

“नाही बाई,” सर म्हणाले. “खोटा माणूस मरून जातो. खोटा आकडा मरत नाही. तो पुढच्या पुस्तकात जातो, तिथून त्याच्या पुढच्या. कुठलं तरी पोर त्याच्यावर भरवसा ठेवून बसतं.”

त्यांनी पुण्याला पत्र लिहिलं: पाणी तयार करण्यात माझ्याकडून चूक झाली, आकडे रद्द समजावेत. प्राचार्यांनी बोलावून विचारलं, चूक कुणाची? सर म्हणाले, माझी. प्राचार्य तापट होते. खरं कळतं तर किसनमामांना त्या दिवशी घरी बसावं लागलं असतं. मला सरांनी बजावलं, की मामांना यातलं अक्षर कळता कामा नये. आणि बुधल्यांच्या कपाटाला कुलूप घालून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली.

इथेच सरांचं चुकलं. किसनमामा अडाणी होते, आंधळे नव्हते. पेढे झाले, आणि दुसऱ्या दिवशी कपाटाला कुलूप? ते माझ्यामागे लागले. “बाई, सरांनी कुलूप का वो घातलं? माज्या हातनं काय चुकलं का?” मी म्हणायचे, काही नाही मामा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सर वरवर हसायचे, डबा न खाता परत न्यायचे, आणि मामा माझ्यापुढे येऊन उभे, “बाई, काय झालं वो?” पंधरवडाभर मी ओठ आवळून गप्प राहिले. माझ्यासारखीनं पंधरा दिवस गप्प राहायचं म्हणजे काय ते मलाच ठाऊक. एका दुपारी मात्र तोल सुटला.

“झालंय काय? तुमच्या तुरटीनं सरांची दोन वर्षं धुऊन नेली, मामा! आता डॉक्टर होत नाहीत ते. कळलं?”

किसनमामांनी हातातली बाटली जपून टेबलावर ठेवली. मुंडासं सारखं केलं आणि निघून गेले. तीन दिवस आले नाहीत.

चौथ्या दिवशी मी सरांना सांगून टाकलं. म्हटलं, आता ओरडतील. त्यांना ओरडताना मी कधी पाहिलं नव्हतं आणि आज माझी हक्काची पाळी होती. सर उठून उभे राहिले, पुन्हा बसले. खिशातली किल्ली चाचपत राहिले. मग पिशवीत एक भरलेली बाटली, ती थेंबाची नळी आणि बेंझीनची कुपी घालून म्हणाले, “चला.”

एस.टी.नं वाडीच्या फाट्यापर्यंत गेलो आणि तिथून मैलभर चाललो. किसनमामा ओट्यावर बसले होते. आम्हाला बघून उठले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

“सर, म्या तुमचं वाटुळं केलं.”

सर ओट्याखाली मातीतच मांडी घालून बसले, पिशवीतून बाटली काढली. “मामा, इकडे या. ही धरा.”

किसनमामा खाली उतरले, बाटली धरली. सरांनी एक थेंब सोडला. “हलवा.” मामांनी हलवली. क्षणभर पाणी धुरकटलं आणि पुन्हा स्वच्छ झालं. आणखी एक थेंब. पुन्हा धुरकटलं, पुन्हा निवळलं. असं किती वेळ चाललं होतं कुणास ठाऊक. वाडीतली माणसं जमली, कोंबड्या पायात आल्या, सरांचं लक्ष नाही. आणि मग एका थेंबानंतर मामा हलवून हलवून दमले, तरी पाणी निवळेना.

“आता का निवळत नाही?” सरांनी विचारलं.

मामा बाटलीकडे बघत राहिले. “प्वाट भरलं त्याचं,” म्हणाले.

“बरोब्बर! मी काय शोधतो, मामा? त्याचं पोट किती, एवढंच शोधतो. गढूळ व्हायलाच पाहिजे. झालं नाही तर मला कळणार कसं?”

मामांच्या ध्यानात येत गेलं तसा त्यांचा चेहरा बदलत गेला. “आन् म्या त्याचं प्वाट आदीच तुरटीनं भरून ठिवलं,” म्हणाले, आणि मुंडाशाच्या शेवात तोंड खुपसून ढसाढसा रडायला लागले.

सरांनी त्यांच्या हातातून बाटली घेऊन बाजूला ठेवली. “मामा, ऐका. पोरांना मी हे तासन् तास शिकवतो. त्यातली निम्मी डुलक्या घेतात. तुम्ही दोन वर्षं त्या बाटल्या धुतल्या, तुमच्या मनात रोज प्रश्न यायचा, की पाणी गढूळ का होतं. आणि मी तुम्हाला पाच मिनिटं दिली नाहीत. चूक कुणाची? वर कळल्यावरही सांगितलं नाही, कुलूप घातलं. ते तर त्याहून वाईट.” असं म्हणून त्यांनी खिशातली किल्ली काढली आणि मामांच्या हातावर ठेवली. “उद्या या. मला पाणी पाहिजे.”

मामांनी किल्ली घेतली नाही, पण टाकलीही नाही. हातावर तशीच धरून बसले.

परतताना सर फाट्यावर एस.टी.ची वाट बघताना एकदम म्हणाले, “बाई, तुमचं तोंड फार फटकळ आहे.”

“हो सर,” मी म्हटलं. मला मान वर करवेना.

“असू दे. मी दया करत होतो, बाई. त्या माणसाला लहान मूल समजत होतो. तुम्ही निदान मोठ्या माणसाशी भांडावं तशा भांडलात.”

दुसऱ्या दिवशी आम्ही पोचायच्या आत कपाट उघडं होतं आणि बुधले धुऊन पालथे घातलेले होते.

मार्च आला आणि गेला. मार्गदर्शकांचं मायेनं लिहिलेलं पत्र आलं, मग विद्यापीठाचं कोरडं. नाव रद्द. सर डॉक्टर झाले नाहीत, पुढेही कधी झाले नाहीत. काष्टीच्या बाजारात लोक विचारायचे तेव्हा अब्बा म्हणायचे, “पान्याचं काम हाय बाबा, येळ लागतो.” सरांनी ते मला हसत सांगितलं, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. मी बघितलं ना.

तरी त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, बेंझीनपासून. मी म्हटलं, “आता कशासाठी, सर?” तर माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी काहीतरी अशुभ बोलले. फक्त रीत एका बाबतीत बदलली. सकाळी बाटली बघायचं काम सरांनी सोडलं. म्हणाले, “मला पुस्तकातला आकडा ठाऊक आहे, बाई. माझा डोळा लबाड झाला. दोन वर्षं मला जे हवं तेच मी बघितलं. मामांना आकडा माहीत नाही. मामा बघतील.” प्राचार्य एकदा डोकावून गेले आणि कपाळाला हात लावून गेले, एम.एस्सी. झालेला माणूस चौथी शिकलेल्या शिपायाला विचारतो, की पाणी कसं आहे!

त्याच जूनमध्ये मला नगरच्या एका शाळेत नोकरी मिळाली. जायच्या दिवशी सकाळी बॅग घेऊनच सरांचा निरोप घ्यायला गेले. सव्वानऊची एस.टी. होती. बाटल्या बघायची वेळ होती ती, मला भान राहिलं नाही. दारातच थबकले. किसनमामा खिडकीशी काळा कागद मागे धरून बाटली डोळ्यांसमोर घेऊन उभे होते. आणि सर कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून, हात पाठीमागे बांधून उभे. त्यांच्या हातात थेंबाची नळी होती. मी बॅग खाली ठेवली तशी त्यांनी मागे न बघताच विचारलं, “बाई का? थांबा जरा. मामा बघतायत.”

मी थांबले. त्या आकड्याची आता जगात कुणी वाट बघत नव्हतं. पुण्यात नाही, विद्यापीठात नाही, आमच्या कॉलेजात तर नाहीच. मामांनी बाटली उजेडात फिरवली, डोळे बारीक केले, पुन्हा काळ्या कागदापुढे धरली. किती वेळ गेला! कॉलेजच्या फाट्यावर माझी एस.टी. थांबून, हॉर्न देऊन निघून गेली, तरी दोघांपैकी एकही हलला नाही.

“काय म्हणतंय, मामा?” सरांनी भिंतीला विचारावं तसं विचारलं.

“घाई नगा करू, सर,” किसनमामा म्हणाले. आणखी एकदा नीट बघितलं. मग बाटली खाली घेतली. “अजून घेतंय. टाका.”